आई जाते खुशाल

माणसाला टीका सहन करता आली पाहिजे, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. फक्त टीका करणारा आपल्यापेक्षा निदान उंचीने तरी मोठा असावा. माझ्या गाण्यावर पहिली टीका केली ती माझ्या मुलीने. तिचा हात अजून दाराच्या कडीला पोचत नाही. दुपारी तिला झोपवताना मी अंगाई म्हणत होते. चौथ्या ओळीवर आले, तशी तिने आपला चिकट पंजा माझ्या तोंडावर दाबला आणि म्हणाली, "आऊ नको."

इथे तिच्या भाषेविषयी थोडं सांगायला हवं. आमची चिमणी शब्दाचं तोंडच खाऊन टाकते. दूध म्हणजे ऊध, पाणी म्हणजे आणी, बाबा म्हणजे आबा; 'नको' तेवढं मात्र स्वच्छ येतं. आई आणि आजी या दोनच व्यक्ती तिला अख्ख्या म्हणता येतात, आणि याचा सासूबाईंना विशेष अभिमान आहे. मागे एकदा ती "आढी, आढी" करत अख्खी सकाळ रडली. आम्ही तिला गाडी दिली, साडी दाखवली, काडेपेटी लपवली. शेवटी कळलं की तिला बाबाची दाढी हवी होती, आणि ती त्याने नेमकी त्याच दिवशी उतरवली होती. असं असलं तरी 'आऊ नको' म्हणजे 'गाऊ नको', याबद्दल शंकेला जागा नव्हती. तोंडावर हात ठेवून माणूस दुसरं काय सांगणार?

अंगाई माझी स्वतःची आहे. मी कॉलेजात असताना भित्तिपत्रकात कविता लिहीत असे, त्या गुणाचा हा शेवटचा अवशेष.

नीज गं नीज, पापणी मीट,
चंद्र बसलाय खिडकीत नीट,
उशीला लावून इवला गाल
नीज तू, आई जाते खुशाल.

'खुशाल' हा शब्द 'गाल'शी जुळावा म्हणून घातला आहे. मी स्वतः आयुष्यात कुठेही खुशाल गेलेली नाही. शेजारच्या खोलीत जातानासुद्धा मी गॅस बंद आहे ना, खिडकीला कडी आहे ना, हे बघून जाते. असो.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. तीन ओळी ती ऐकून घ्यायची, चौथीला तिचा धीर सुटायचा. बरं, मूल झोपतच नाही असंही नव्हतं. सासूबाई तिच्याशेजारी आडव्या होऊन पाढे म्हणायच्या. सतराच्या पाढ्यात त्या स्वतः घोरू लागायच्या आणि त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून चिमणीही झोपायची. म्हणजे बघा, माझ्या पोरीला सतरा नव्वे त्रेपन्नासे गोड लागत होतं आणि मी नको होते.

मी घरात अभिप्राय मागितला.

"छान गातेस की," नवरा म्हणाला. तो तेव्हा मोबाइलमध्ये बघत होता.

"काय छान आहे त्यात?"

"सगळंच."

"एक तरी दोष सांग."

त्याने मोबाइल खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस अशा प्रश्नाला जसा घाबरतो, तसा घाबरून तो म्हणाला, "जरा लवकर संपतं."

सासूबाईंचा अभिप्राय जास्त उपयोगी होता. "अगं, तू मनातल्या मनात म्हण. बाळाला आईच्या मनातलं कळतं."

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मध सुचवला, मग मधासोबत मिरं, मग त्यांच्या भाचीने गाणं कसं सोडलं आणि तिचं सगळं कसं छान झालं, हे सविस्तर सांगितलं. तेव्हाच मी ठरवलं. मी गाणं शिकणार. व्यासपीठासाठी नाही, नावासाठी नाही. एक दिवस ही पोर माझी चौथी ओळ हात न उचलता ऐकेल, इतकंच मला हवं होतं.

हौशी गायकांचं एक मंडळ आमच्याच गल्लीत निघालं. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी सगळे जमायचे, एकेक जण गायचा आणि बाकीचे अभिप्राय द्यायचे. बाईंचा नियम होता: अभिप्राय विधायक हवा. आधी एक चांगली गोष्ट, मग एक सुधारण्याजोगी, मग पुन्हा एक चांगली. "गोड, कडू, गोड," बाई म्हणाल्या. "कडू गोळी कशी आपण साखरेत घोळून देतो?"

पहिल्या दिवशी मी चार ओळी गायले. प्रत्येक जण माझ्यात काहीतरी गोड शोधत होता, आणि ते काम सोपं नव्हतं हे मला दिसत होतं.

"चपला रांगेत काढल्यात," अखेर बाई म्हणाल्या. "फार छान. सूर दुसऱ्या ओळीतच सुटतो. आणि पाण्याची बाटली घरून आणलीत, तेही छान."

मंडळात एक दातांचे डॉक्टर होते. ते ऐकायचे कमी, बघायचे जास्त. "तोंड उघडत नाही तुमचं," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "आ करा. मोठा. अजून. हां... खालची डावीकडची दाढ एकदा दाखवून घ्या. पण जबडा सुरेख आहे!"

विमा विकणारे एक काका होते. त्यांना माझा श्वास पुरत नाही असं वाटलं, आणि श्वासाचा काही भरवसा नसतो या मुद्द्यावर ते दोन्ही बाजूंच्या गोडाशिवायच बराच वेळ बोलले.

चेष्टा बाजूला ठेवते. त्या खोलीत मला खरंच पुष्कळ कळलं. मी बाईंच्या पट्टीत, म्हणजे त्यांच्या उंच आवाजाला सोयीच्या जागेवरून गात होते. त्यांनी मला खाली उतरवलं. श्वास छातीत कोंबायचा नसतो, पोटातून घ्यायचा असतो, हे कळलं. गाताना मी सारखी दाराकडे बघते, हेही बाईंनीच पकडलं.

"कुणाची वाट बघता का?"

"नाही हो. मुलगी घरी खुर्चीवर चढली असेल का, ते बघते."

"ते इथून दिसतं?"

दिसत नव्हतं. पण आईचं बघणं भिंतीला अडत नाही, हे मूल नसलेल्या माणसाला समजावणं कठीण.

सर्वांचं एकमत मात्र चौथ्या ओळीवर झालं. "आई जाते" मधला 'जा' वरच्या सुरावर आहे, आणि तिथे माझा आवाज चिरकतो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिमणी चौथ्याच ओळीला हात का ठेवते, हे आता शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध झालं होतं. पोरीला कान आहे! मला अपमानातसुद्धा थोडा अभिमान वाटला.

"त्या 'जा'वर थांबायला शिका," बाईंनी सांगितलं. "लांबवा. उघडा, भरदार, शब्द स्वच्छ. जाऽऽऽते! ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही निघालीच."

मी रोज संध्याकाळी निघू लागले. मी दारात चपला घालू लागले की चिमणी माझ्या पायाला मिठी मारून "आऊ नको, आऊ नको" म्हणायची. मला भरून यायचं. मी तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणायची, "हो गं राणी, म्हणून तर शिकायला चालले आहे."

घरचा सराव मी न्हाणीघरात सुरू केला. बाईंनी सांगितलं होतं की वरचा सूर पक्का करायचा तर आधी खालचा घोटा. एक सूर धरायचा आणि श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही. न्हाणीघरात तो सूर इतका घुमायचा की मला माझ्याच आवाजाचं कौतुक वाटू लागलं. आठवड्याभराने लिफ्टमध्ये सूचना लागली: इमारतीत रोज सकाळी घरघर ऐकू येत असल्याने पाण्याच्या पंपाची तपासणी करण्यात येत आहे, रहिवाशांनी पाणी भरून ठेवावे.

मी सूचना वाचली आणि बादल्या भरल्या. मला खरंच वाटलं, पंप बिघडला असेल.

मेकॅनिक आला, त्याने पंप खोलला, भाग फरशीवर मांडले आणि ते पंपाबाहेरच ठेवून निघून गेला. पाणी बंद झालं. घरघर मात्र चालूच राहिली. खालच्या काकूंना तर ती आता जास्त जवळून येऊ लागली होती. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. पंप बदलावा की टाकी बदलावी, यावर अर्धा तास चर्चा झाली. कुणी म्हणालं पायाच खचत असेल. आवाज नेमका कसा आहे, ते काकूंनी करून दाखवलं. त्यांनी ओठ मिटून जो सूर लावला तो ऐकला, आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर ओळखीचा होता. बराचसा बरोबरही होता.

योग्य वेळ येताच सौम्य शब्दांत खुलासा करावा, असा माझा विचार होता. तेवढ्यात शेजारी नवऱ्याने हात वर केला.

"तो पंप नाही," तो म्हणाला. "माझी बायको आहे."

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत मला पंपवाल्या वहिनी म्हणतात. तोंडावर नाही, पण लिफ्टचं दार बंद होता होता ऐकू येतं.

दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. मी सरावाची जागा बदलली. खाली गाडी उभी असते. काचा वर केल्या की आत बसून कितीही गा, बाहेर कुणाला त्रास नाही. मी मागच्या सीटवर बसले, पोटातून श्वास घेतला आणि चौथी ओळ धरली. आई जाऽऽऽते. आई जाऽऽऽते! दहा-बारा वेळा म्हटल्यावर तो 'जा' पहिल्यांदाच न चिरकता वर जाऊन उभा राहिला. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नेमक्या त्याच वेळी काचेवर टकटक झाली.

इमारतीचे वॉचमनकाका होते. चेहरा उतरलेला.

"ताई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कुठं जाऊ नका."

"अहो काका, मी..."

"भांड्याला भांडं लागतंच. साहेब तसे चांगले आहेत. पोरीकडे बघा. मी साहेबांना फोन केलाय, ते येतायत."

नवरा एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून धावत खाली आला. त्याच्यामागून चिमणीला कडेवर घेऊन सासूबाई, आणि त्यांच्यामागे, काही लागलं तर असावं म्हणून, खालच्या काकू. वॉचमनकाकांनी सर्वांदेखत नवऱ्याला समजावलं की बाईमाणूस इतक्या कळवळून 'जाते' म्हणते, ते उगाच नसतं. मी गाडीत बसून गाणं म्हणत होते, हे कुणालाच पटेना. गाणं म्हटल्यावर तर काकूंनी माझ्याकडे जास्तच काळजीने बघितलं.

आता सभागृहाशिवाय गत्यंतर नव्हतं. आमच्या इमारतीचं सभागृह वर्षभर रिकामं असतं. मंडळाचा सराव तिथे व्हावा म्हणून बाई आणि मी सेक्रेटरींकडे गेलो.

"सभागृह कार्यक्रमाला मिळतं," सेक्रेटरी म्हणाले. "सरावाला नाही."

"पण कार्यक्रम करायचा तर सराव नको का?"

"बरोबर. पण आधी कार्यक्रम असला पाहिजे. कार्यक्रम नसेल तर सराव कशाचा?"

"मग कार्यक्रम आहे असं धरा," बाई म्हणाल्या.

"धरता येत नाही. जाहीर करावा लागतो. तारीख आणि गाणाऱ्यांची नावं."

अशा रीतीने, ज्या बाईला आपल्या पोरीसमोर चार ओळी म्हणायच्या होत्या, तिचं नाव सबंध इमारतीसमोर एकटीने गाण्यासाठी जाहीर झालं. लिफ्टमधल्या यादीत नावापुढे कंसात कुणीतरी पेन्सिलने पंप काढला होता. चित्र चांगलं होतं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. लोक गाण्याच्या प्रेमाने आले होते असं मी म्हणणार नाही. पहिल्या रांगेत सासूबाई, चिमणी आणि नवरा. विमावाले काका गायले, डॉक्टर गायले. डॉक्टरांचं तोंड इतकं उघडं होतं की मागच्या रांगेतल्यांनाही दाढा मोजता आल्या असत्या. पुढचं नाव माझं. मी पडद्याच्या कडेला उभी राहून पोटातून श्वास घेत होते आणि सवयीने चिमणीवर नजर ठेवून होते. तेवढ्यात सेक्रेटरींनी माइक घेतला आणि खाली आडवी लावलेली गाडी कुणाची आहे, ती ताबडतोब काढावी, असं सांगितलं.

गाडी आमची होती. आडवी मी लावली होती. दुपारी ती वॉचमनकाकांपासून लांब नेऊन आत शेवटचा सराव केला होता आणि घाईने परत आणून वर आले होते. नवरा उठला. त्याने चिमणीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि दाराकडे निघाला. चिमणी मांडीवरून घसरली, धावली आणि त्याच्या पँटला लोंबकळली.

"आबा, आऊ नको! आबा, आऊ नको!"

मी पडद्याला धरून उभी राहिले.

माझा नवरा गात नव्हता. तो जन्मात कधी गायलेला नाही. तो फक्त जात होता.

एखादं गणित वर्षभर सुटू नये आणि पेपर गोळा करायला बाई शेजारी येऊन उभ्या राहाव्यात तेव्हा सुटावं, तसं झालं. आऊ नको. दारात, चपला घालताना, पायाला मिठी मारून. चौथ्या ओळीवर, तोंडावर हात ठेवून, म्हणजे ती ओळ पुरी होऊ नये, म्हणजे आई उठू नये. पाढे म्हणणारी आजी कुठेच जात नाही, ती घोरते. आणि मी? मी त्या एका शब्दावर महिनोन् महिने मेहनत घेतली होती. तो लांबवला, उघडला, भरदार केला, स्वच्छ केला. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही निघालीच! मंडळाने माझ्या सुरावर अभिप्राय दिला, श्वासावर दिला, जबड्यावर दिला. शब्दांवर दिला फक्त दोघांनी: वॉचमनकाकांनी आणि माझ्या लेकीने.

"पुढचं गाणं..." सेक्रेटरी म्हणाले, आणि मागून कुणीतरी पंपासारखी घरघर केली. हशा पिकला.

मी पुढे आले. दाराकडे बघितलं नाही. पहिली ओळ माझ्या स्वतःच्या पट्टीत लागली, दुसरीत सूर सुटला नाही. बाईंची मान हलली. तिसऱ्या ओळीपर्यंत मागची कुजबुज थांबली होती. आणि चिमणी बाबाची पँट सोडून, खुर्च्यांमधल्या वाटेने, हात आधीच उचलून माझ्याकडे चालत येत होती.

चौथी ओळ आली. तो 'जा' माझ्या गळ्यात तयार उभा होता. इतका सुंदर तो आधी कधी नव्हता, आणि पुढेही होणार नाही.

नीज तू, आई बसते खुशाल.

'बस' हा शब्द त्या उंचीसाठी केलेलाच नाही. सूर वर चढला, तिथे त्याला बसायला काही सापडेना, आणि तो धाडकन खाली आला. पेटीवाल्याने दचकून माझ्याकडे बघितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. चिमणी मात्र हात उचललेला तसाच ठेवून उभी राहिली. हात ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. तिने तो हात जरा वेळ बघितला, खाली घेतला, माझ्या पायाशी फतकल मारून बसली आणि मोठ्याने म्हणाली, "उन्हा!"

"ऊन म्हणतेय!" दारातून नवरा ओरडला. "पोरीला उकडतंय, पंखा लावा कुणीतरी!"

सेक्रेटरींनी सगळे पंखे लावले. पेटीवाल्याचे कागद उडाले, डॉक्टरांचा चष्मा उडाला, आणि त्या वादळात मी दुसऱ्यांदा गायले. कारण आता मला माझ्या लेकीची भाषा येत होती. पुन्हा म्हणजे पुन्हा.

नंतर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आवाज मोकळा लागला, फार छान. शेवटची ओळ पाठ नव्हती. पण डगमगला नाहीत, तेही छान."

आता दुपारी मी चारही ओळी म्हणते. हात येत नाही. अडचण एवढीच, की बसते म्हटलं म्हणजे बसावं लागतं. ओट्यावर भांडी तशीच असतात, मोबाइल बाहेर वाजत असतो, आणि मी गॅस बंद आहे की नाही याचा विचार करत पलंगाच्या कडेला टेकलेली असते. जरा उठू बघितलं की चिमणी एक डोळा उघडते. बघायची सवय तिने माझीच घेतली आहे.

गाणं जमलं. खुशाल बसणं अजून तेवढं जमत नाही. सराव चालू आहे.